गलाईसाठी गाव सोडताना मुलांची दोस्ती सुटते. पुढं एकटेपणा येतो का?

विटा_पालकसभा
सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परमुलखात जातात. मुलं कधी सोबत नेली जातात, कधी आजी-आजोबांकडं ठेवली जातात, आणि बहुतेकदा हे तिसरी ते पाचवीच्या दरम्यान ठरतं. पालकसभेत एक प्रश्न हमखास निघतो: जिवाभावाचा मित्र सुटला तर मोठेपणी त्याचा परिणाम राहतो का, की नव्या गावात चार मित्र झाले की भागतं? अभ्यास काय म्हणतात आणि प्रत्यक्षात काय करावं, जाणकारांनी सांगावं.

समुपदेशक_सातारा
संख्येचा नाद आधी सोडा. वर्गात आवडतं असणं आणि एक पक्का मित्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्कर आणि ॲशर यांनी 1993 मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, वर्गात फारशा न आवडणाऱ्या मुलांनाही जवळचा मित्र असेल तर एकटेपणा कमी जाणवत होता. बॅगवेल आणि सहकाऱ्यांनी पाचवीतल्या मुलांना 12 वर्षांनी पुन्हा गाठलं (1998). ज्यांची दोस्ती दोन्ही बाजूंनी होती, त्यांना स्वतःबद्दल जास्त आदर वाटत होता. मात्र त्या अभ्यासात 30 मुलं मित्र असलेली आणि 30 नसलेली, एवढीच होती. शिवाय हसऱ्या मुलाला मित्रही सहज मिळतात, त्यामुळं सगळं श्रेय दोस्तीला देता येत नाही.

गाव बदलण्याबद्दल ओइशी आणि शिमॅक यांचा 2010 चा अभ्यास पाहा. 7 हजारांहून जास्त अमेरिकी प्रौढांमध्ये, लहानपणी वारंवार घर बदललेल्यांचं समाधान कमी आढळलं, पण ते मुख्यतः अंतर्मुख स्वभावाच्या लोकांत. म्हणजे घरातली बोलकी थोरली नव्या शाळेत रुळेल आणि तिचा अबोल भाऊ मागं पडेल, हे शक्य आहे. दोघांना एकाच मापानं मोजू नका. अबोल मुलाची शाळा बदलायचीच असेल तर एकदाच आणि जूनमध्येच बदला. दिवाळीनंतर वर्गातल्या जोड्या जमलेल्या असतात, तिथं शिरणं अवघड जातं.

झेडपी_शिक्षिका
सरांच्या म्हणण्याला शाळेच्या बाजूनं जोड देते. दोस्तीला तास लागतात. जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये अंदाज मांडला की जवळची मैत्री व्हायला 200 तासांहून जास्त सोबत लागते. तो मोठ्या माणसांवरचा आहे, तरी हिशोब करून बघा. पहिली ते पाचवीला कायद्यानं वर्षाला किमान 200 दिवस शाळा, आणि मधली सुट्टी अर्धा तास धरली तर वर्षभरात 100 तास. उरलेले तास संध्याकाळच्या खेळातूनच यायचे. तीच वेळ शिकवणीनं खाल्ली तर दोस्ती अर्धवट राहते.

नवीन मुलाचा बाक दर आठवड्याला बदलू नका. निदान दीड-दोन महिने एकाच शांत, समजूतदार मुलाशेजारी बसवा आणि दोघांना मिळून एक काम द्या: फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं. ऑगस्टमध्ये प्रत्येकाकडून चिठ्ठीवर तीन नावं लिहून घ्या, ‘मधल्या सुट्टीत कुणासोबत असतोस?’ या प्रश्नाची. दोन्हीकडून जुळलेल्या जोड्या खूण करा. ज्याचं नाव कुणीच लिहिलं नाही, तिकडं आधी लक्ष द्या. चिठ्ठ्या वर्गात वाचायच्या नाहीत, आणि ‘कोण आवडत नाही’ हे तर विचारूच नका. त्यातून पोरं एकमेकांना डिवचायला लागतात.

विटा_पालकसभा
ताई, जुना मित्र टिकवायचा कसा? आईच्या फोनवर बोलायला दिलं तर दोन मिनिटांत ‘बाकी काय?’वर गाडी अडते.

झेडपी_शिक्षिका
कारण नुसतं बोला म्हटलं की मुलांना सुचत नाही. रविवारी ठरलेल्या वेळी फोन लावा आणि हातात काहीतरी असू द्या: तेच चित्र दोघांनी काढायचं, कोडी घालायची. स्पीकर बंद, मोठी माणसं बाजूला. गावच्या यात्रेला किंवा मे महिन्यात आलात की पाहुण्यांच्या घरी फिरवण्यातच सुट्टी जाते. त्यातले चार दिवस त्या मित्रासाठी राखा, एक रात्र त्याच्या घरी राहू द्या.

मिरज_वाचक
आणि ज्यांची दोस्ती सुटून वीस वर्षं झाली त्यांचं काय? दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे, तरी एकटं वाटतं, असं बरेच जण म्हणतात.

समुपदेशक_सातारा
रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्येच दोन एकटेपण वेगळे केले: माणसांचा गोतावळा नसणं, आणि मन मोकळं करायला एक माणूस नसणं. ग्रुपवरच्या सुप्रभातनं पहिलं थोडं भागतं, दुसरं नाही. त्या ग्रुपमधून एकच नाव निवडा आणि त्यालाच वेगळा मेसेज करा. त्यात फक्त तुम्हा दोघांनाच आठवेल अशी एक गोष्ट आणि उत्तर देता येईल असा एक प्रश्न घाला. ‘कधीतरी भेटू’ लिहिलं की भेट होत नाही, वार आणि जागा लिहा.

इथं माणसं अडतात ती संकोचानं. सँडस्ट्रॉम आणि ॲकनिन यांच्या 2024 च्या अभ्यासात वेळ आणि नंबर हातात असूनही एक तृतीयांशाहून कमी लोकांनीच जुन्या मित्राला मेसेज पाठवला. आधी तीन मिनिटं हल्लीच्या मित्रांना मेसेज करायला लावल्यावर मात्र निम्म्याहून थोडे जास्त तयार झाले. तेव्हा आधी रोजच्या दोघा-तिघांशी बोला, मग लगेच तो मेसेज टाका.

मूल दोन आठवड्यांहून जास्त शाळा टाळत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर दोस्तीचे उपाय बाजूला ठेवून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.