इसुआचे सुळके: एकाच बाजूने पाहिलं की फसायला होतं
ग्रीनलंडमधल्या इसुआचे ३७० कोटी वर्षं जुने स्ट्रोमॅटोलाइट (जीवाणूंनी थरावर थर चढवून घडवलेले खडक) हा जीवसृष्टीचा सर्वांत जुना पुरावा, असा दावा केला जातो. इतकं ठाम धरू नका. २०१६चा दावा खडकाच्या उघड्या बाजूवर दिसणाऱ्या १ ते ४ सेंटिमीटर उंच सुळक्यांवरून झाला. २०१८ मध्ये भूवैज्ञानिक अबिगेल ऑलवूड यांच्या गटाने तेच आकार तिसऱ्या मितीत तपासले, तर शंकू कुठले! खडक ज्या दिशेने ताणला गेलाय, त्याच दिशेने गेलेल्या लांबट कडा निघाल्या. आत थरांचाही पत्ता नाही. दाबाखाली खडक चुरगळला की असे आकार जीवाणूंशिवायही होतात. (मूळ गटाने दावा अर्थातच सोडलेला नाही.) भरवशाचं उदाहरण हवं तर पश्चिम ऑस्ट्रेलियातलं स्ट्रेली पूल हे खडकांचं ठिकाण घ्या: सुमारे ३४३ कोटी वर्षं जुनं, कित्येक किलोमीटर पसरलेलं, आणि शंकूंच्या आत एकावर एक चढलेले पातळ थर स्पष्ट दिसतात.