गोल्फमध्ये ९७ शॉटवर गाडी अडकलीये, ९० च्या खाली कसं यायचं? (बजेट १५ हजार, फिक्स)

बोगीबहाद्दर
नमस्कार मंडळी. पुण्यात खेळतो, वीकेंडला सकाळी. गेलं वर्षभर स्कोअर ९५ ते ९९ च्या मध्येच घुटमळतोय, वर नाही खाली नाही. मागच्या रविवारचं कार्ड देतो, पार (कोर्सचे ठरलेले शॉट) ७२ वर ९७, पट (ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, मारलेले शॉट) ३७, पेनल्टी (दंडाचे शॉट) ६, ग्रीन इन रेग्युलेशन (दोन पट हातात ठेवून ग्रीन गाठणं) फक्त ३. ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब) लागला तर २३० यार्ड, नाही लागला तर शेजारच्या होलवर. बजेट १५ हजार आणि त्याच्या वर एक रुपया नाही, घरी आधीच विषय तापलाय. क्लब घेऊ का कोच लावू?

जर्सीकर
भाऊ १५ हजारात काय येणार, ग्लव्ह आणि टोपी? मी इथे लाँच मॉनिटरवर (शॉट मोजणारं मशीन) फिटिंग, म्हणजे क्लबचं माप, करून घेतलं तर कळलं की शाफ्टच (क्लबचा दांडा) चुकीचा होता इतकी वर्षं. नवीन ड्रायव्हर सहाशे डॉलर, पण २० यार्ड सरळ वाढले. आधी फिटिंग कर, मग बाकीचं बोलू.

खारघरवाला
२० यार्ड वाढले म्हणजे झाडीत अजून २० यार्ड आत, अभिनंदन 😄 त्याने बजेट लिहिलंय, ते वाचा की जरा.

जर्सीकर
सरळ वाढले म्हणालो मी.

मेजरकाका
अहो पटिंग सुधारा. ३७ पट म्हणजे किमान एका होलला थ्री पट, म्हणजे तीन पट, आहेच. आमच्या वेळी देवळालीला कोर्सवर ग्रीन नव्हे, ब्राऊन असायचे, तेल घातलेली वाळू, त्यावर पटिंग शिकलो म्हणून आज सत्तरीतही चार फुटांवरून हात कापत नाही. नवीन पोरांना नुसता बॉल धोपटायचा असतो. रोज घरी गालिच्यावर पटिंग करा, फुकट आहे.

स्मिता_हूकवाली
काका आदर ठेवून सांगते, पटिंगवरच सगळं ढकलणं पटत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडींनी 'स्ट्रोक्स गेन्ड' (कुठल्या शॉटने किती कमावलं) हा हिशोब मांडला, त्यातून दिसलं की चांगला आणि साधारण खेळाडू यांच्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच्या शॉट्समधून येतो. आणि आठ फुटांवरून पीजीए टूरवालेही (अमेरिकेतले व्यावसायिक) निम्मेच पट घालतात, आपण कुठले.
बोगीबहाद्दर, तुमचं उत्तर तुमच्याच कार्डात आहे, त्या ६ पेनल्टीत. ९० म्हणजे अठराही होलला बोगी (पारपेक्षा एक शॉट जास्त), म्हणजे ८९ ला सतरा बोगी आणि एक पार पुरे, बर्डीची (पारपेक्षा एक कमी) गरजच नाही. ३८० यार्डांचा पार फोर (चार शॉटचा होल) घ्या, टीवरून (होलची सुरुवातीची जागा) हायब्रिड क्लबने १७०, मग सात नंबर आयर्न १४०, राहिले ७०, वेजने ग्रीनवर, दोन पट, झाली बोगी. यात ड्रायव्हर कुठे आला? ज्या होलला डावीउजवीकडे ओबी (कोर्सची हद्द) आहे तिथे तो बॅगेतून काढूच नका. कार्डावर डबल आणि ट्रिपल बोगी (पारपेक्षा दोन आणि तीन जास्त) किती होते ते सांगा आधी.

बोगीबहाद्दर
ताई, ट्रिपल तीन आणि डबल सहा 🙈 पण ड्रायव्हर न मारता मजा काय राहिली?

खारघरवाला
ट्रिपल तीन म्हणजे तिथेच नऊ गेले. ताई म्हणतात तेच, ड्रायव्हर घरी ठेव.

येरवडा_पहाट
एक मुद्दा राहतोय. ओबी गेला की एक पेनल्टी आणि परत टीवरून मारायचं, म्हणजे खरं नुकसान दोन शॉटचं. तुम्ही ६ लिहिलेत त्यात हे धरलंय का? आमच्या फोरबॉलमध्ये (चौघांच्या गटात) एक जण पुढे जाऊन फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) बॉल हाताने टाकतो, म्हणजे ड्रॉप करतो, आणि एकच शॉट वाढवतो, वर आम्हालाच स्कोअर शिकवतो.

मेजरकाका
तो चोर आहे.

स्मिता_हूकवाली
२०१९ पासून तशी ड्रॉपची सोय आहे, पण क्लबने तो लोकल नियम लावला असेल तरच, आणि दोन पेनल्टी घेऊन. एक नाही.

येरवडा_पहाट
तेच तर! आणि बॉल शोधायला तीन मिनिटं, हा पाच-सात मिनिटं गवत तुडवत बसतो, मागचे शिव्या घालतात. हॅंडिकॅप (खेळाडूला मिळणारी शॉटची सूट) म्हणजे ॲव्हरेज असं पण सांगत फिरतो. शेवटच्या २० राउंडपैकी सर्वात चांगल्या ८ वरून निघतो तो, म्हणून रोज हॅंडिकॅपइतकं खेळलं जात नाही, हे त्याला कोण समजावणार.

कोल्हापुरी_चिप
विषयावर या राव. माझा अनुभव, रेंजवर (सरावाच्या जागी) मॅटवरून मारलं की आयर्न झकास वाटतात, कारण बॉलच्या मागे आदळलं तरी क्लब मॅटवरून घसरून बॉलला लागतो. गवतावर तोच शॉट अर्ध्यात मरतो. मी कोचचे सहा क्लास घेतले, पहिल्याच दिवशी त्याने डाव्या हाताची पकड फिरवली, महिनाभर आधीपेक्षा वाईट खेळलो, चिडचिड झाली, पण नंतर स्लाइस (बॉल उजवीकडे वळत जाणं) गेला. १५ हजारात क्लासच घ्या, क्लब नको. आणि जुलै-ऑगस्टचा स्कोअर मनाला लावून घेऊ नका. ओल्या फेअरवेत बॉल पडतो तिथेच रुततो, रोल नाहीच, मे महिन्यात तोच ड्राइव्ह टणटण उड्या मारत कुठल्या कुठे जातो.

जर्सीकर
क्लासच्या आधी फिटिंग. चुकीच्या शाफ्टवर शिकून काय उपयोग.

खारघरवाला
आला परत शाफ्ट.

बोगीबहाद्दर
सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. ताईंचा हिशोब फोनमध्ये सेव्ह करून ठेवलाय. आज क्लास लावायलाच निघालो होतो पण वाटेत दुकान लागलं आणि तिथे एक लाल मॅलेट पटर (पट मारायचा, मोठ्या डोक्याचा क्लब) हातात घेतला, काय बॅलन्स आहे राव! चौदा हजार पाचशेला पडला. रविवारी ड्रायव्हर पण मारणारच, बघू.

स्मिता_हूकवाली
🤦‍♀️

मेजरकाका
शाब्बास! जुना पटर विकणार असाल तर कळवा, नातवाला हवाय. किती इंची आहे?