डॉक्टर म्हणतात बाळाची कार सीट पुढे वळवा. ऐकायचं का?

अनुजा_एनजे
मुलगा 14 महिन्यांचा, वजन 23 पौंड, उंची 31 इंच. आम्ही न्यू जर्सीत राहतो. डॉक्टर म्हणाले, "वर्ष झालं, पाय दुमडतायत, आता फॉरवर्ड-फेसिंग (तोंड पुढे) चालेल." सीटवर मात्र रिअर-फेसिंगची (तोंड मागे) मर्यादा 40 पौंड छापलीय. कुणाचं धरायचं?

निशिगंध
सीटवरचं. 'वर्ष झालं की वळवा' हा सल्ला केव्हाच मागे पडला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये दोन वर्षं सांगितली आणि 2018 मध्ये वयाची अटच काढली. सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत रिअर-फेसिंगच. शिवाय न्यू जर्सीत 2015 पासून कायदाच आहे: दोन वर्षांखालचं, 30 पौंडांपेक्षा हलकं मूल रिअर-फेसिंगच हवं.

पाय दुमडू देत, मुलं मजेत मांडी घालून बसतात. जपायची आहे ती मान. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की फॉरवर्ड-फेसिंगमध्ये धड पट्ट्यांत अडकतं, डोकं पुढे फेकलं जातं आणि ताण मानेवर येतो. रिअर-फेसिंगमध्ये डोकं, मान, पाठ सगळं सीट एकदम झेलते. बहुतेक सीटना डोक्याच्या वर 1 इंच कवच उरावं लागतं; नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

गारवा
डॉक्टरांना डॉक्टरांचेच प्रश्न विचारा: बाळ कमी दिवसांचं होतं, स्नायू सैल आहेत, श्वासाचा त्रास आहे, कंबरेला प्लास्टर आहे, तर कुठली सीट? सीट नीट बसलीय का, हे तपासणीच्या खोलीत कळत नाही. त्यासाठी सर्टिफाइड चाइल्ड पॅसेंजर सेफ्टी टेक्निशियन (कार सीट बसवण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस) गाठा, गाडी आणि मूल दोन्ही घेऊन.

तोवर घरी बघा. बेल्ट सीटमधून जातो तिथे धरून हलवा. 1 इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. रिअर-फेसिंगला खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा खाली, छातीची क्लिप काखेच्या उंचीवर. गळ्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत आला, तर तो सैल आहे. जाड जॅकेट काढा, पट्टे आवळा, मग वरून पांघरूण.

अनुजा_एनजे
डिसेंबरात पुण्याला जातोय. हीच सीट नेऊ?

निशिगंध
न्या, पण आधी बेल्ट बघा. अमेरिकेत बहुतेक गाड्यांचा बेल्ट पूर्ण ओढून सोडला की लॉक होतो. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत तो फक्त झटक्याने लॉक होतो, त्यामुळे सीट हळूहळू ढिली पडते. तुमच्या सीटला स्वतःचा लॉक-ऑफ (बेल्ट घट्ट धरून ठेवणारी पकड) आहे का बघा; नसेल तर लॉकिंग क्लिप (बेल्ट सरकू न देणारी सुटी क्लिप) लागेल. आणि गाडीच्या मागच्या सीटवरच बसवा. पुढे एअरबॅग चालू असताना रिअर-फेसिंग सीट कधीच नाही.