मधल्या वयाची रिकामी फळी
'मुले मराठी वाचतच नाहीत', हे नेहमी ऐकू येणारे निरीक्षण मला अर्धेच पटते. माझ्या तेरा वर्षांच्या भाचीला आमच्या वाचनालयात नेले, तेव्हा बालविभागात मोठ्या टायपातली ससा-कासवाची चित्रमय पुस्तके होती आणि पलीकडच्या कपाटात थेट पाचशे पानी ऐतिहासिक कादंबऱ्या. मधल्या वयासाठी एक फळीही नव्हती. बालभारतीने १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, हे पुष्कळ पालकांच्या गावीही नसते. त्यातला एक अंक तिला मोबाईलवर उघडून दिला, तर जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

लिहिणाऱ्यांकडे मात्र माझे कळकळीचे मागणे आहे. मैत्रीतला दुरावा, वडिलांची गेलेली नोकरी, वर्गात झालेला अपमान हे सगळे या मुलांच्या रोजच्या जगण्यात असताना गोष्टीत मात्र त्यांना उपदेश मिळतो, आणि तो त्यांना पहिल्याच परिच्छेदात ओळखू येतो. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेच्या तोंडी दिलेला 'ट्टॉक' मुलांनी उचलला, कारण तो त्यांच्याच जिभेवरचा वाटत होता.