जळगाव-धुळे ये-जा करणाऱ्याने डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा का?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार. माझे वय ४७ असून नोकरीनिमित्त आठवड्यातून तीन दिवस मी स्वतः मोटार चालवत जळगावहून धुळ्याला जाते आणि संध्याकाळी परतते. मागच्या महिन्यात परतीच्या वाटेवर, पारोळ्याच्या अलीकडे, कापसाने भरलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात अचानक समोर आली. तिला मागे ना दिवा होता, ना रिफ्लेक्टर. माझी गाडी थांबली तेव्हा मध्ये हातभर अंतर उरले होते. चूक ट्रॉलीवाल्याची होती हे खरे, परंतु मला वेगळे काही करता आले असते का, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंडाची पावती मिळाली होती; त्याने सहा तासांचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे इतरांच्या चुका गृहीत धरून सावधपणे गाडी चालवण्याचा, अभ्यासक्रम घरबसल्या पूर्ण केला आणि ते प्रकरण रद्द झाले. असा अभ्यासक्रम मी केला, तर त्याचा आपल्याकडे कायद्याने काही लाभ आहे का? आणि आपल्या रस्त्यांवर तो खरोखर कामी येईल का?

वकिली_टिपण (धुळे)

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. टेक्सासमधील सवलत तिथल्या कायद्याने दिलेली आहे आणि ती साधारणपणे बारा महिन्यांतून एकदाच घेता येते. न्यूयॉर्क राज्यात तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला वाहनविम्याच्या हप्त्यात तीन वर्षे १० टक्के सूट मिळते. आपल्याकडे ई-चलान अशा प्रमाणपत्राने माफ होत नाही. विम्यातील ओळखीची सवलत म्हणजे नो क्लेम बोनस; तो दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पुढे ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि त्याचा प्रशिक्षणाशी संबंध नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९ मध्ये उजळणी प्रशिक्षणाची तरतूद आली आहे. मात्र ती परवाना निलंबित झालेल्या चालकांसाठी आहे आणि ते प्रशिक्षणही परवानाधारक किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेकडूनच घ्यावे लागते. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी पैसे खर्च करू नका. शिकण्यासाठी करणार असाल, तर अवश्य करा.

घाटरस्ता (चाळीसगाव)

ताई, मी एसटीचा निवृत्त चालक आहे आणि कन्नड घाटात अनेक वर्षे गाडी चालवली आहे. तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ३३ मीटर संपतात आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा पुढे थांबायला जवळजवळ तेवढेच अंतर लागते. दिवे डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, असताना मातकट रंगाची बिनदिव्याची ट्रॉली इतक्या लांबून दिसतच नाही. म्हणून आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, हेच रात्रीच्या वेगाचे माप. फलकावर कितीही आकडा लिहिलेला असो, कापूस आणि उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर मी साठच्या वर जात नसे.

दुसरी गोष्ट अंतराची. पुढचे वाहन किलोमीटरच्या दगडापाशी पोहोचले की मोजायला लागा. तुम्ही तिथे पोहोचण्याआधी तीन सेकंद मोजून झाले पाहिजेत आणि पावसात त्याच्या दुप्पट. मोकळी जागा दिसली की कोणीतरी मध्ये घुसणारच. त्याचा राग न धरता पुन्हा मागे सरकावे. त्याने धुळ्याला पोहोचायला मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त उशीर होत नाही.

गावाच्या फाट्यावर चुकीच्या बाजूने मोटारसायकल येणार, हे गृहीत धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून ब्रेकवर आणून ठेवावा. कडेला उभ्या असलेल्या केळीच्या ट्रकजवळून जाताना त्याचे पुढचे चाक आणि केबिनचे दार पाहावे, कारण तो निघणार आहे की कोणी उतरणार आहे, हे तिथेच आधी कळते.

तापीपूर्णा (भुसावळ)

मी गेल्या वर्षी एक परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रम केला. रस्त्यावरचे चित्रण मध्येच थांबवून ‘आता धोका कुठून येईल?’ असे विचारणारा भाग मला फार उपयोगी पडला, कारण त्यातून नजर लांबवर टाकण्याची आणि दोन्ही आरसे वरचेवर पाहण्याची सवय लागते. परंतु तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. चौकात आधी कुठे पाहायचे आणि ओव्हरटेक करताना कोणता आरसा आधी तपासायचा, हे सगळे उलटे असल्याने तो भाग मनातल्या मनात फिरवून घ्यावा लागतो. न फिरवता तीच सवय लागली, तर ती घातक ठरेल. शक्यतो भारतीय रस्त्यांवर चित्रित केलेला अभ्यासक्रम निवडा आणि तो दोन-तीन आठवड्यांत थोडा-थोडा करा.

त्यानंतर जाणत्या माणसाला शेजारी बसवून एक तास गाडी चालवा आणि जे दिसेल ते मोठ्याने बोला: पुढे बैलगाडी, डावीकडे शाळेची मुले, मागे ट्रक. आपण काय पाहत नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच समजते.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल एरंडोल ते पारोळा दादांनी सांगितल्याप्रमाणे मोजून पाहिले, तेव्हा मी जेमतेम दीड सेकंदाचे अंतर ठेवते हे लक्षात आले. अभ्यासक्रम करणार आहे आणि त्यानंतर भावाला शेजारी बसवून एक संध्याकाळ गाडीही चालवणार आहे. दादा, एकच शंका उरली आहे: मी अंतर वाढवल्यावर मागचा ट्रक अगदी चिकटून येतो, तेव्हा काय करावे?

घाटरस्ता (चाळीसगाव)

मागचा चिकटला, की पुढचे अंतर आणखी वाढवा, म्हणजे तुम्हाला जोरात ब्रेक लावावा लागणार नाही आणि त्यालाही सावरायला वेळ मिळेल. त्यानंतर इंडिकेटर देऊन सावकाश डाव्या मार्गिकेत या आणि त्याला पुढे जाऊ द्या.