हिमालयन ४११ : स्पोक रिमचे टायर घरीच बदलून बॅलन्सिंग करता येतं का?

कसबा_बावडा_२१

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७, दोन्ही स्पोक रिम, ट्यूबवाले. टायर झिजून खुणेला टेकलेत, नवीन जोडी आणि नवीन ट्यूब घरात येऊन पडलीय. डबल स्टँड आहे, पाने-सॉकेट आहेत, टायर लिव्हर दोन आहेत.

कागलकडं हायवेला लागलं की ८० च्या पुढं हँडलला बारीक थरथर येते, ६० ला काही नाही. पंक्चरवाल्यांचं उत्तर ठरलेलं, "बाईकला कुठलं बॅलन्सिंग, ते चारचाकीला." खरंच लागत नाही का? आणि घरी करायचं तर मशीनशिवाय जमतं का? टायर चढवताना ट्यूब कापली जाते म्हणतात, ती कशी वाचवायची तेही सांगा.

उद्यमनगर_टर्नर

जमतं. फक्त क्रम चुकवू नका: आधी रिमचा आऊट (म्हणजे फिरताना रिम डुलणं), मग टायर रिमवर सारखा बसणं, आणि सगळ्यात शेवटी वजन. लोक थेट वजनं चिकटवायला घेतात. रिमच वाकडी असेल तर कितीही शिसं लावा, थरथर जायची नाही.

चाक गाडीवरच असताना आऊट बघून घ्या. फोर्कला एक केबल टाय आवळा, त्याचं टोक रिमच्या कडेपासून केसभर लांब ठेवा आणि चाक हळू फिरवा. बाजूला किंवा वर-खाली २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी आऊट काढून घ्या. स्पोक पान्याच्या दांडीनं वाजवत जा. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो, लगेच कळतो. बेअरिंगही आत्ताच तपासा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खटखट लागली तर बेअरिंग बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका.

चाक काढल्यावर दोन गोष्टी. ब्रेक कॅलिपरच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी किंवा लाकडी फळी घाला. चाक बाहेर असताना कुणी ब्रेक दाबला तर पिस्टन पुढं येतात आणि डिस्क परत आत जात नाही. आणि चाक जमिनीवर डिस्कच्या बाजूनं टेकवायचं नाही. दोन लाकडी ओंडके घ्या, रिम त्यावर, डिस्क वर. एबीएस असेल तर सेन्सरच्या रिंगला लिव्हर लागू देऊ नका. स्पेसर कुठल्या बाजूचा कुठला, याचा फोटो काढून ठेवा. मागचं चाक काढलंच आहे तर स्प्रॉकेटखालचे कुश रबर (चेनचा झटका शोषणारे) बघा, चेपलेले असतील तर बदलायला हीच वेळ.

टायर काढताना व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा, नुसती हवा सोडून भागत नाही. टायरची कड रिमवरून सुटायला सर्वात जास्त झुंजते. मोठा सी-क्लॅम्प लावून दोन्ही बाजूंनी दाबा, रिमच्या जवळ, टायरच्या मध्यावर नाही. एका जागी सुटली की चार-चार बोटं पुढं सरकत जा.

आता मुख्य मुद्दा. रिमच्या मध्यभागी खोलगट भाग असतो. लिव्हर एका बाजूला लावताना समोरच्या बाजूची कड गुडघ्यानं त्या खोलगट भागात दाबून धरायची. तिथं टायरला ढिलाई मिळते आणि इकडं लिव्हर अलगद उचलतो. लिव्हरला ताकद लागतेय म्हणजे समोरची कड वर चढून बसलीय. थांबा, ती दाबा, मग परत. रेटून उचललं तर कडेच्या आतली तार तुटते, आणि ते वरून दिसत नाही. दर वेळी दोन-तीन इंचच उचला. लिव्हर तीन हवेत, दोन असतील तर तिसरा घ्या. रिमला ओरखडे नकोत म्हणून जुन्या तेलाच्या डब्याचं प्लास्टिक कापून मध्ये घालता येतं.

नाद_हिमालयनचा

एवढं कशाला राव, कडंला थोडं इंजिन ऑइल फासायचं, टायर गपकन बसतंय की. आणि ट्यूबमध्ये पंक्चरचं लिक्विड टाकून ठेवा, बॅलन्सिंगचं पण काम होतंय म्हणं.

उद्यमनगर_टर्नर

भावा, दोन्ही नको. ऑइल, ग्रीस, डिझेल यानं रबर फुगतं आणि वाळतही नाही. ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. साबणाचं घट्ट पाणी लावा, ते सुकून जातं. लिक्विडचं म्हणाल तर गाडी उभी राहिली की ते खाली साचतं, निघाल्यावर पहिले काही किलोमीटर उलट जास्त हलवतं.

रंकाळा_राइड्स

चढवण्याचं मी सांगतो, कारण ट्यूब काढताना कमी आणि चढवतानाच जास्त कापली जाते.

रिम रिकामी झाली की रिमपट्टी काढून आत बघा. आपल्याकडच्या पावसात स्पोकच्या भोकांतून पाणी आत जातं आणि पट्टीखाली गंज धरतो. गंज घासून काढा, निप्पलच्या (स्पोकच्या नटाच्या) बाहेर स्पोकचं टोक आलं असेल तर कानशीनं सपाट करा, पट्टी कडक झाली असेल तर नवीन घाला. ती व्हॉल्व्हच्या भोकाशी नीट जुळली पाहिजे.

टायरवरचा बाण बघा. पुढचा आणि मागचा वेगळा असतो, चाक पुढं फिरतं त्या दिशेला बाण. बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात बिल करण्याआधीच ते वाचायचे असतात, पण आता आणलेत तर निदान बघून घ्या. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी जागा. तो व्हॉल्व्हशी आणायचा, कारण व्हॉल्व्हपाशी चाक साधारण जड असतं. ठिपका नसला तर कसाही लावा, फरक बॅलन्सिंगमध्ये निघेल.

पहिली कड हातानंच जाते. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळा, आत घालण्याआधी एवढीच हवा भरा की तिला गोल आकार येईल, घडी पडणार नाही. व्हॉल्व्ह भोकातून काढून नट दोन आट्यांवर सैल ठेवा.

दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करायची आणि व्हॉल्व्हपाशी संपवायची. उलट केलं तर व्हॉल्व्हपाशी कड खोलगट भागात उतरत नाही, मध्ये व्हॉल्व्हचं बूड आडवं येतं. मग शेवटच्या वितीला लिव्हरवर लोंबकळावं लागतं, आणि तिथंच ट्यूब चिमटते. लिव्हरचं टोक फक्त कडेखाली जाईल एवढंच आत घाला. शेवटची कड गेली की व्हॉल्व्ह बोटानं आत ढकलून सोडा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकली असेल तर मोकळी होते.

मग हवा. आधी २० पीएसआयपर्यंत भरा, सगळी सोडून द्या, परत भरा, ट्यूबच्या सुरकुत्या जातात. त्यानंतर ३५-४० पर्यंत, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या पुढं नाही. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडं रिमपासून सारख्या अंतरावर हवी. कुठं आत बुडाली असेल तर तिथं कड बसलेली नाही. हवा सोडा, साबणपाणी लावा, परत भरा. ही रेघ नीट न बघता चाक लावलं तर टायर दर फेऱ्याला उडतो, आणि माणूस बॅलन्सिंगला दोष देत बसतो.

शेवटी हवा स्टिकरवरच्या आकड्यावर आणा, टायर थंड असताना. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीला लावून ठेवा. पुढं कधी व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर समजायचं टायर रिमवर सरकतोय, बहुतेक वेळा हवा कमी असल्यानं.

कसबा_बावडा_२१

एवढं कुणी कधी सांगितलं नव्हतं, आभार. आता बॅलन्सिंग. एक्सल दोन खुर्च्यांवर ठेवून चाक फिरवून बघितलं, दर वेळी वेगळ्याच जागी थांबतंय. म्हणजे बॅलन्स आहे असं धरू का?

उद्यमनगर_टर्नर

नाही. म्हणजे तुमच्या बेअरिंगचे सील चाकाला अडवतायत. चाकाच्या स्वतःच्या बेअरिंगवर फिरवलं की ग्रीस आणि सील मिळून ५-१० ग्रॅमचा फरक गिळून टाकतात. खात्री करायची असेल तर रिमला घड्याळातल्या तीनच्या दिशेला, म्हणजे आडव्या रेषेत, ५ ग्रॅमचं वजन चिकटवा आणि हात सोडा. चाक हललंच नाही तर ती मांडणी मोजायच्या कामाची नाही.

यावर उपाय असा. १२ मिमीचा सरळ शाफ्ट आणि दोन कोन, प्रत्येकाला एक ग्रब स्क्रू (शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू), हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर होऊन जातं. शाफ्ट हबमधून घालायचा, दोन्ही बाजूंनी कोन बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये दाबून आवळायचे. आता चाक आणि शाफ्ट एकत्र फिरतात, चाकाच्या बेअरिंगचा संबंध संपला. शाफ्टची टोकं ६०८ नंबरच्या चार छोट्या बेअरिंगवर ठेवायची, एका बाजूला दोन, शेजारी शेजारी. त्यांचे सील काढून ग्रीस रॉकेलनं धुवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बास. शाफ्ट पाणसळीनं सपाट करा.

चाक सोडा, जड बाजू खाली येऊन थांबेल. खडूनं वरचा बिंदू खूण करा. चाक पाव फेरा फिरवून परत सोडा, तीच जागा वर आली तर खूण खरी. आता त्या खुणेवर टेपनं ५, मग १० ग्रॅम लावत जा, खूण आडवी धरून सोडली तरी चाक जिथल्या तिथं राहीपर्यंत. ५ ग्रॅमच्या आत आणलं की पुरे, आपल्या रस्त्यांवर त्याच्या खाली जाण्यात अर्थ नाही.

चिकटणारी वजनं लावणार असाल तर जागा आधी थिनरनं पुसा, रिमच्या मध्यरेषेवर लावा. स्पोक रिमला जागा कमी असते, तिथं निप्पललगत स्पोकवर सोल्डरची कथील तार घट्ट गुंडाळून वर टेप मारली तरी चालतं. तार तोलायला गुजरीतला सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

बाईकला बॅलन्सिंग लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: २१ इंची रिमवर २० ग्रॅमचा फरक राहिला तर ९० च्या वेगाला ते वजन जवळपास पावणेतीन किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, आणि ते सेकंदाला अकरा-बारा वेळा दिशा बदलतं. ४५ ला तोच जोर चौपट कमी. शहरात फिरणाऱ्याला म्हणूनच काही जाणवत नाही, पंक्चरवाला त्याच्या गिऱ्हाइकापुरता खरंच बोलतो. टायर अरुंद असल्यानं चारचाकीसारखं मशीनवर डायनॅमिक (चाक वेगानं फिरवून) बॅलन्सिंग करायची गरज मात्र नाही.

कसबा_बावडा_२१

समजा ५०-६० ग्रॅम लागले तर तेवढे लावायचे का?

रंकाळा_राइड्स

पुढच्या चाकाला एवढे लागत असतील तर आधी टायर रिमवर १८० अंश फिरवून परत मोजा. टायर आणि रिम दोघांच्या जड बाजू एकाच ठिकाणी आल्या असतील तर फिरवल्यावर एकमेकांना काटतात. त्याहून सरळ मार्ग म्हणजे टायर चढवण्याआधी रिकामी रिमच त्या स्टँडवर ठेवून तिची जड बाजू शोधायची. ती व्हॉल्व्हपाशीच असेल असं नाही. जोडाच्या रिमला जोड बहुतेक व्हॉल्व्हच्या समोर असतो आणि कधी तीच बाजू जड निघते. टायरचा ठिपका मग तिकडं.

थरथरीबद्दल अजून एक. ८० च्या पुढं वेगाबरोबर वाढत जाते ती बॅलन्स किंवा आऊटची. वेग कमी होताना ५०-६० च्या दरम्यान हँडल डुलत असेल तर बॉल रेसर (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) आणि पुढच्या टायरची हवा बघा. फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर डिस्क. झिजलेला टायर उंच-सखल झाला असेल तर तोही थरथर देतो, तुमचे टायर खुणेला टेकलेत म्हणता, निम्मा त्रास कदाचित तिथंच संपेल.

चाक परत लावताना चेनचे अॅडजस्टर दोन्हीकडं एकाच खुणेवर आणा. खुणांवर भरवसा ठेवू नका, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टीनं मोजा. चेनची ढिलाई मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार. पुढच्या एक्सलला पिंच बोल्ट (एक्सल चिमटून धरणारा) असेल तर तो आवळण्याआधी गाडी स्टँडवरून उतरवून फोर्क दोन-तीनदा दाबा. नट टॉर्क रेंचनं, आकडा मॅन्युअलचा.

आणि गाडी हलवण्याआधी दोन्ही ब्रेक कडक होईपर्यंत दाबा. पॅड मागं गेलेले असतात, पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही. नवीन टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गगनबावड्याच्या वळणांवर गाडी झोपवू नका, ओल्यात तर मुळीच नको. तेवढं चालवून झालं की स्पोक आणि एक्सलचा नट परत एकदा तपासा.

नाद_हिमालयनचा

ऑइलचं कळलं. त्या शाफ्ट-कोनाचं माप टाका की इथं, एकदाच चार-पाच सेट काढून घेऊ.

उद्यमनगर_टर्नर

शाफ्ट १२ मिमी, लांबी ३५० मिमी, ब्राइट बार घ्या, साधी सळई वाकडी निघते. कोन एम.एस.चे (माइल्ड स्टीलचे), लहान टोक १३, मोठं टोक ३५, लांबी ३०, आत १२ चं भोक ढिलं न करता, एम६ चा ग्रब स्क्रू. या मापात बहुतेक गाड्यांची पुढची-मागची दोन्ही चाकं बसतात. भोक आणि बाहेरचा उतार एकाच सेटिंगवर काढायला सांगा. जॉब चकमधून काढून उलटा धरला तर कोन केंद्रातून सरकतो आणि सगळं माप खोटं येतं.