मदत हवी आहे: जीवघेणं रिसेसिव्ह जीन (आईवडील दोघांकडूनही आलं तरच आजार होतो असं) पिढ्यानपिढ्या टिकतं कसं?

नमस्कार मंडळी, भाचीला बायोलॉजी शिकवताना अडकलोय. ती म्हणाली, "मामा, ज्या आजारात मूल मोठं व्हायच्या आतच दगावतं त्याचं जीन पुढे जायलाच नको ना, मग तो आजार अजून आहे कसा?" मी "नैसर्गिक निवड हळूहळू होते" म्हणून वेळ मारून नेली पण माझं मलाच पटेना, म्हणून रात्री हार्डी-वाईनबर्गचं १९०८ चं सूत्र (जीनच्या प्रमाणावरून लोकांत किती आजारी, किती कॅरियर हे काढायचं) घेऊन बसलो. समजा १०,००० बाळांत एक आजारी, तर वर्गमूळ काढून त्या अलीलचं (म्हणजे जीनच्या त्या खराब रूपाचं) प्रमाण शंभरात १, आणि २ गुणिले ०.९९ गुणिले ०.०१ केलं की १०,००० त तब्बल १९८ कॅरियर (एकच खराब कॉपी असलेले) निघतात, सगळे धडधाकट! हे बरोबर आहे का? आणि असंच चाललं तर ते जीन संपणार कधी? प्लीज जरा सोपं करून सांगा, तिला अर्धवट काही सांगायचं नाहीये.

प्रतिसाद:
गणित बरोबर आहे, फक्त जोड्या जीन न बघता जुळतात हे त्यात गृहीत धरलंय. आता माणसं मोजू नका, कॉप्या मोजा. प्रत्येकाकडे जीनच्या दोन, म्हणजे १०,००० जणांकडे २०,००० कॉप्या, त्यातल्या खराब २००. आजारी बाळाकडे दोन, बाकीच्या १९८ कॅरियरकडे एकेक लपलेल्या. निवडीची कात्री चालते ती फक्त त्या दोनांवर, म्हणजे एका पिढीत शंभरातली एक कॉपी जाते, आणि अलील जितकं दुर्मिळ होतं तितकी ती आणखी लपते. प्रमाण निम्म्यावर यायलाच १०० पिढ्या लागतात, पिढी २५ वर्षांची धरा, झाली अडीच हजार वर्षं. त्यात नवीन म्युटेशनची (जीनमध्ये आपोआप होणाऱ्या बदलांची) भर पडतच असते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रकरण मात्र वेगळं, तिथे एकच कॉपी असलेल्याला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं, त्यामुळे मलेरियाच्या भागात निवडच ते जीन टिकवते.

धागाकर्ता:
कॉप्या मोजायच्या हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार! भाचीला २०० मणी घेऊन दाखवतो, दोन बाजूला काढायचे आणि १९८ मुठीत झाकायचे. एकच शंका, गट अगदी छोटा असेल, समजा ५० जणांचा, तर?

प्रतिसाद:
मग नशिबाचा भाग मोठा, त्यालाच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. गटात एकच कॅरियर असेल आणि त्याला मूलच झालं नाही तर अलील एका पिढीत गायब, आणि त्यालाच आठ मुलं झाली तर साधारण चौघांकडे जाणार, मग काही पिढ्यांनी त्यांचीच नातवंडं-पतवंडं आपसात जोड्या जुळवतात आणि दुर्मिळ आजार त्या गटात नेहमीचा होऊन बसतो.